बाबा म्हणाले, चोक

गेल्या महिन्यात एका शनिवारी बाबांची जुनी गाडी पीयूसीत नापास झाली. पंपाशेजारच्या त्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही होत जी ताई, लय धूर मारून राहिली."

गाडी माझ्या शाळेच्या दिवसांतली. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती माझ्या हातात आली. बाबांचा उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ गेलं... दिवसाला चार-पाच शब्द निघतात, तेही मोठ्या कष्टाने.

पण रविवारी संध्याकाळी त्यांना याच गाडीत बसवून फुटाळा तलावावर एक चक्कर मारायची, हा नेम. आठवड्यातून तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. त्यामुळे गाडी पास होणं गरजेचं होतं.

घरी येऊन सांगितलं, "बाबा, फेल झाली." बाबांनी जोर लावला. मान ताठ झाली, ओठ हलले आणि एक शब्द बाहेर पडला. "चोक."

आता आपल्याकडे चोक म्हणजे तुंबलेलं. बेसिन चोक, नाली चोक, सर्दी झाली की नाक चोक! मला वाटलं, वा, बाबांनी बरोबर ओळखलं... आत कुठे तरी कचरा अडकलाय.

सदर बाजारातल्या गॅरेजमध्ये जाऊन मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "काही तरी चोक झालंय, साफ करा." त्याने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, सायलेन्सर झाडला. पुन्हा पीयूसी... पुन्हा फेल.

"चोक," बाबा म्हणाले. "हो बाबा, केलं ना साफ सगळं!" मी म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. "चोक! चोक!"

गॅरेजवाल्याने आणखी एकदा पाहिली आणि हात टेकले. "ताई, इंजिनच बसलं समजा. अशा गाड्या आता आमच्याकडे येतही नाहीत. काढून टाका."

त्या दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढली होती, डोक्यात राग होता, ऊन मी म्हणत होतं. घरात पाय ठेवते तोच पुन्हा तेच... "चोक." आणि मी ओरडले. "पुरे ना बाबा! तुम्हाला नाही समजत आता गाडीतलं!"

दोन दिवस बाबांनी एक शब्द काढला नाही. लाज वाटते हे लिहिताना, पण मला तेव्हा बरंच वाटलं होतं की चला, शांतता झाली.

मी गाडी विकायला काढली, आणि पुढच्याच आठवड्यात जरीपटका भागातले एक काका ती घ्यायला आले. जुन्या गाड्यांचा त्यांना भारी शौक. मी तर अगदी मागेच लागले होते की आजच घेऊन जा, पीयूसीचं तुम्ही पाहून घ्या.

निघताना ते बाबांच्या पाया पडले. बाबांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि म्हणाले... "चोक." काका म्हणाले, "हो जी काकाजी, पाहतो न." मी मागे उभी राहून त्यांना खुणेने सांगत होते, मनावर घेऊ नका.

संध्याकाळी त्यांचा फोन. "ताई, पास झाली न गाडी! चोक खेचलेला होता अर्धा. काकाजींनी सांगितलंच होतं की!"

मला कळेचना. मग त्यांनी समजावलं. स्टिअरिंगच्या बाजूला खाली एक काळी मूठ असते, तिलाच चोक म्हणतात; थंडीत गाडी चालू करताना ती ओढायची आणि गाडी गरम झाली की परत आत ढकलायची. ती बाहेर राहिली की पेट्रोल जास्त जातं आणि धूर होतो.

काळी मूठ... अरे देवा. त्या मुठीला मी दोन वर्षं थैली अडकवत होते! बाबांच्या औषधांची, पाण्याच्या बाटलीची. आणि उतरताना घाईत हिसका देऊन काढत होते.

चोक स्कूटरला असतो एवढंच माझं ज्ञान. बाबा गाडी चालवायचे तेव्हा शेजारी बसून मी तिथेच पर्स लटकवायची, आणि ते दर वेळी खेकसायचे, "ते काय खुंटी हाये का वं?" मला वाटायचं, उगाच किटकिट करतात.

गाडी परत मागायला जीभ रेटेना. सह्या झालेल्या, घाई मीच केलेली. बाबांसमोर बसून सगळं सांगितलं, माफी मागितली, रडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ते खिडकीबाहेरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते.

आता रविवारी कॅब बोलावते. बाबा नाही म्हणतात. तीन रविवार झाले, फुटाळा नाही.

काल दुपारी ते म्हणाले, "पाणी." मी ग्लास आणला. त्यांनी मान हलवली. पूर्वीची मी असते तर ग्लास ठेवून निघून गेले असते... या वेळी बसले. कूलरमध्ये टाकू? नाही. झाडांना? नाही. चांगली दहा मिनिटं गेली. मग त्यांनी डावी मूठ गोल फिरवली, स्टिअरिंगसारखी, आणि मला समजलं.

उन्हाळा वाढला. गाडीचा रेडिएटर थोडा गळतो, बाबा उन्हाळ्यात रोज सकाळी त्यात पाणी टाकायचे. पाणी पाहायला हवं.

मी तिथेच बसून जरीपटक्याच्या काकांना फोन लावला. "काका, बाबा म्हणतात, रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी टाकत जा." फोन ठेवेपर्यंत बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते... मी त्यांचा निरोप बरोबर सांगते की नाही, म्हणून.