वाऱ्याला ठेवलेली जागा

दुपारचे चार वाजले आहेत, पण चिखलदऱ्याच्या धुक्याला घड्याळ कळत नाही. खिडकीबाहेर आत्ताच तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटतं आहे. सिंधू पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली आहे आणि तिचे डोळे आपोआप मिटताहेत. पलंगावर पुरुषोत्तमराव, तिचा नवरा, दोन वाकळा अंगावर घेऊन तापात निजला आहे. मध्ये शेगडीत निखारे. दाराला आतून कडी. एरवी या खोलीत समईची ज्योत धड उभी राहत नाही. आज पडद्याचं टोकसुद्धा हलत नाही. सिंधूला त्याचा भारी अभिमान वाटतो आहे. डोकं जरा जड झालं आहे, पण सकाळपासून शिडीवर चढउतार केली, होणारच.

घर जुनं, दगडी, वर टिनाचं छप्पर, आणि भिंतीपेक्षा फटी जास्त. दिवाळी झाली की इथे घर थंडीसाठी तयार करायचं. फटींत चिंध्या ठासायच्या, वरून चिंचोक्याच्या खळीनं कागद डकवायचा. लग्न होऊन सिंधूचे चार हिवाळे झाले आणि चारही हिवाळे नवऱ्याचं एकच पालुपद, "द्वारका होती तेव्हा एवढा गारठा नोता." द्वारका म्हणजे पहिली. तिला जाऊन सहा वर्षं झाली तरी ती घरातून गेलेली नाही. तिच्या नावानं घडवलेला सोन्याचा टाक सिंधूच्या गळ्यात आहे. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. मेलेल्या सवतीचा मान! जिवंत असती तर झिंज्या धरून भांडता तरी आलं असतं. टाकाशी काय भांडणार?

यंदा मात्र सिंधूला सवतीची चूक सापडली. छपराच्या खाली, भिंतीत, विटेएवढं भोक होतं आणि ते दर हिवाळ्यात उघडंच राहायचं. "ते द्वारका बुजवत नोती," नवरा म्हणाला. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नाही. सिंधूला विचारायची गरज वाटली नाही. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत द्वारका नवऱ्याच्या खांद्यालासुद्धा लागत नव्हती. हात पोचला नसेल, दुसरं काय! आज सकाळी तिनं शिडी लावली, आणि चिंधी म्हणून काय घ्यावं, तर नवऱ्यानं ट्रंकेत जपून ठेवलेलं द्वारकेचं जांभळं इरकली लुगडं. टराटरा फाडलं आणि भोकात ठासलं. तेव्हा झालेला आनंद कुणाला सांगण्यासारखा नव्हता. मग शिडी मागच्या पडवीत ठेवून, दाराला कडी लावून ती शेगडीशी येऊन बसली.

आता कुठेतरी कापड फाटल्याचा आवाज येतो आहे. सिंधू उठते आणि पाहायला पडवीत जाते. पडवी काही संपत नाही. चालता चालता दोन्ही बाजूंना दुकानं लागतात, आणि तिच्या लक्षात येतं की हा तर तिच्या माहेरचा, परतवाड्याचा बाजार. पण माणूस नाही एकही. कापडाच्या दुकानात गादीवर एक बुटकी बाई बसली आहे. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मांडीवर जांभळ्या चिंध्या आहेत आणि ती त्या एकीला एक लावून शिवते आहे.

"कायले आली तू?" सिंधू विचारते.

"माह्यं घर हाय," द्वारका म्हणते.

"होतं."

"होतं," द्वारका लगेच कबूल करते, आणि सिंधूला त्याचाच जास्त राग येतो. "नवं लुगडं नेसाच्या आधी मले लावत होती तू. अन् माह्यंच लुगडं भोकात कोंबलं?"

"तुह्या हातून राह्यलं होतं, म्हणून. हात पोचत नोता ना तुहा?"

द्वारका हसते. दुकानाची गादी आता शिडीची वरची पायरी झाली आहे आणि ती तिथून खाली बघते आहे. खाली सिंधूची खोली आहे, पलंग आहे, वाकळांखाली नवरा आहे.

"या टिनाले दरसाल डांबर कोन लावत होतं? त्यायले तं शिडी पाह्यली की चक्कर येते. मीच लावत होती."

"मंग भोक कावून ठेवलं?"

"शेगडी कुठी हाय?"

"खोलीत."

"अन् दार?"

"लावलं. गारठा येते." सिंधू अडखळते. "धूर नाही तिले. निखारेच हायेत."

"निखाऱ्याचा असते तो दिसत नाही, बाई. जीव घेते तरी दिसत नाही."

सिंधू खाली पाहते. नवऱ्याचं तोंड उघडं आहे. छाती हलते की नाही ते इतक्या उंचावरून कळत नाही.

"मंग आतालोक बोलली कावून नाही?"

द्वारका सुईतला दोरा दातानं तोडते. "मी काही देवी नाही. सहा वर्सं झाले, एकटीच राह्यतो. म्हटलं दोन घटका गप बसाव, येतेच ते माह्याकडं." ती पलंगाकडे बघते, आणि ते बघणं सिंधूला सोसत नाही. असं तर तिनं स्वतः कधी त्याच्याकडे पाहिलेलं नाही. "येऊ दे ना, सिंधू. तुले नाही तरी त्यायचं काय कौतुक?"

"देत नाही!"

सिंधू शिडी चढते. पायऱ्या मऊ आहेत, वाकळेच्या घड्यांसारख्या, पाय रुततात. भोक वर वर जातं. "मेल्यावरबी तुहाच का? लगन माह्यं झालं हाय. पाय मी चेपतो, काढा मी करतो. नाही देत!" बोटांना जांभळा काठ लागतो. ती सगळ्या अंगानं ओढते. वर द्वारका चिंध्या गोळा करून पदरात बांधते आहे, आणि ती चिडलेली अजिबात दिसत नाही.

"एवढंच पाह्याचं होतं मले," ती म्हणते.

सिंधू खोलीत जमिनीवर आडवी आहे. डोक्यात घण पडताहेत. ती दारापर्यंत सरपटत जाते, कडी काढते, शेगडी फरफटत पडवीत नेते. शिडी पडवीत आडवी आहे, सकाळी ठेवली तशीच. परत येऊन ती नवऱ्याला गदगदा हलवते. तो हलत नाही. ती तोंडावर तांब्याभर पाणी मारते, हाका मारते, शिव्यासुद्धा देते. शेवटी तो खोकतो. मग पुन्हा खोकतो आणि डोळे उघडतो.

तो वर बघतो. छपराखालच्या भोकातून धुक्याचा एक धागा आत येतो आहे.

"वारा येऊन राह्यला वं."

"येऊ द्या."

"चार वर्सं झाले, तुले त्या वाऱ्याचा राग."

"वाऱ्याचा नोता," सिंधू म्हणते, आणि मघापासून मिटलेलीच राहिलेली डावी मूठ उघडते. आत जांभळ्या काठाची पट्टी आहे. सकाळी तिनंच ती लुगड्यातून फाडली होती. आता तिला एका कडेनं बारीक, नीट टीप घातलेली आहे.