कंठाकडे बघणाऱ्या मावशी

सेलूच्या गजरामावशींनी माझ्या सासूबाईंना पुन्हा जेवतं केलं आणि मला भरवायला शिकवलं. हे आधी लिहिते, बाकीचं मागून. मावशींची एक सवय होती. कोणी जेवत असलं की त्या त्याच्या पानाकडे नाही, कंठाकडे बघत. नवा माणूस अवघडून जाई.

पंचावन्न सालची गोष्ट. आम्ही रत्नागिरीकडचे. नवरा सेलूच्या कापसाच्या जिनात फिटर, म्हणून तिथे बिऱ्हाड. मी चौथीतून शाळा सोडलेली, विचारायला जवळचं माणूस नाही. अशात सासूबाईंना अर्धांगवायू झाला. आमच्याकडे आजाऱ्याला पेज देतात, तीही वरची निवळ. मी तीच त्यांना निजवून पाजत होते. घोटाघोटाला ठसका, ओठ निळे. आठ दिवसांत त्यांनी तोंडच मिटून घेतलं. ही बाई माझ्या हातून उपाशी मरणार, एवढंच मला दिसत होतं.

ठसका ऐकून शेजारच्या गजरामावशी आत आल्या आणि वाटी काढून घेतली.

"असं नको पाजू वं! पातळ पुढं धावते, गळा मागं राह्यते."

त्यांनी सासूबाईंना भिंतीशी ताठ बसवलं, हनुवटी जराशी खाली घेतली. ज्वारीची आंबील चमच्याला धरून राहील इतकी दाट केली आणि अर्धा चमचा धडधाकट बाजूच्या गालात सोडला. मग माझी दोन बोटं सासूबाईंच्या कंठावर ठेवली. "वर उचलला? आता खाली बसला? मंग दुसरा दे." मी आधीच चमचा पुढे केला की म्हणत, "काऊन एवढी घाई? गाडी सुटून राह्यली का?"

एरवी मावशींचं तोंड दिवसभर चालू. भरवताना मात्र चिडीचूप, मलाही बोलू देत नसत. आपल्या नवऱ्याला त्यांनी सहा वर्षं असंच भरवलं होतं. "पहिल्या वर्षी लई चुकली मी. थोडक्यात वाचला तो," एवढंच सांगत.

गौरीच्या दिवशी सासूबाई जरा बऱ्या दिसल्या. मला हुरूप आला. "माझ्यासाठी एक," "सणाचा एक," करत मी खीर भरवत गेले. त्या थकल्या होत्या, ते मी पाहिलंच नाही. श्वास अडकला. माझी किंकाळी ऐकून मावशी धावत आल्या, सासूबाईंना पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या. श्वास परत आला तेव्हा मावशी माझ्याकडे वळल्या.

"तू तिचं पोट भरून राह्यली का आपलं मन?"

त्यानंतर मी कुणालाच जेवताना आग्रह केलेला नाही. दिवाळीपर्यंत सासूबाई बऱ्या हाताची दोन बोटं स्वतःच कंठावर ठेवू लागल्या. घास उतरला की मला मानेने खुणावत.

पुढे नवऱ्याला जळगावात काम लागलं. निघताना मी मावशींच्या पाया पडले. तुमच्यासाठी काय करू, विचारलं. त्यांनी सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"मह्यासाठी काय करतं? पोचल्यावर आधी इले जेवू घालजो, मंग सामान सोडजो."

मावशींना मूलबाळ नाही, लिहिता येत नाही. म्हणून त्यांच्या घरामागच्या मास्तरांकडे माझा पत्ता ठेवून आले आहे. कधी मावशींवर भरवून घ्यायची वेळ आली, तर पत्र मिळेल त्या दिवशी मी निघेन. चमचा अर्धाच भरीन, बोटं कंठावर ठेवीन, आणि मावशी, घाई मुळीच करणार नाही.