हसवलेला फोटो

शैला गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. नगरला सावेडीत घराखाली स्कूटर लावत होते. 'आपल्या इतिहासाच्या शिक्षिका शैलाताई आज पहाटे...' एवढं वाचलं आणि जिन्यातच बसले. आजार माहीत होता, तरीही. त्या मेसेजखाली कुणीतरी श्रद्धांजली म्हणून एक व्हिडिओ टाकला होता. तो न उघडताच मी ओळखला, आणि रडू येण्याआधी मला शरम वाटली. ज्या एका गोष्टीने शैलाची मान शेवटपर्यंत खाली राहिली, तीच आम्ही तिचं कौतुक म्हणून गावभर पाठवत होतो.

राहुरीजवळच्या एका गावात आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. ती इतिहास, मी मराठी. डिजिटल फळा आला तेव्हा आम्ही बाकीच्यांनी धूळ बसू नये म्हणून त्यावर कापड घातलं. शैलाने ते काढून पोरांना त्यावर किल्ले फिरवून दाखवले. मग तिने घराघरांतले जुने फोटो मागवले. सातवीतल्या पूजाने एक फोटो आणला. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर उभ्या असलेल्या बायका, डोक्यावर घमेली, आणि त्यांच्यात पूजाची आजी, कौसाबाई. शैलाने मोबाईलवरच्या ॲपने त्यात रंग भरले, मग त्या बायकांना हलवलं. त्यांच्या पापण्या लवल्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या हसल्या.

पालक मेळाव्यात तो व्हिडिओ दाखवला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पूजाने आजीला मुद्दाम पुढे बसवलं होतं. टाळ्या थांबल्यावर कौसाबाई म्हणाल्या, "बाई, आमी हसत न्हवतो वो."

शैला म्हणाली, "आजी, ते कॉम्प्युटरनं केलंय."

"व्हय, पन मी न्हवते हसत. माझं पयलं लेकरू त्याच हप्त्यात गेल्तं. घरी बसले असते तर कामावर खायाला मिळायची ती सुकडी कोन देनार? फोटोवाला म्हनला उभी ऱ्हा, म्हून उभी ऱ्हायले."

आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. फळ्यावर ती तरुण बाई मात्र पुन्हा पुन्हा हसत होती, आणि शैलाला व्हिडिओ बंद करायचं बटण सापडेना.

संध्याकाळी आम्ही दोघी कौसाबाईंकडे गेलो. वाटेत शैला एवढंच म्हणाली, "शाळेमागच्या गल्लीत राहते गं ती. मी विचारलंसुद्धा नाही." दारातच तिने हात जोडले. कौसाबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं.

"तुमी वाईट मनानं न्हाई केलं. पन ही पोरगी म्हनती, आजी, तू लई खुश हुतीस. तिला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात मूळ फोटो लावला, काळा-पांढरा, स्थिर. म्हणाली, "काल मी तुम्हाला खोटं दाखवलं." मुख्याध्यापक नाराज झाले, कारण तो व्हिडिओ तालुक्याच्या शिक्षक संमेलनात दाखवायचा ठरला होता. तिने नकार दिला. पण तोवर तो फोनाफोनी पसरला होता. काढून टाका म्हणून ती एकेकाला विनवत राहिली. बहुतेकांनी नुसता अंगठा पाठवला. फळा मात्र तिने सोडला नाही. कौसाबाईंच्या परवानगीने त्यांचं बोलणं मोबाईलवर भरून घेतलं, आणि त्या स्थिर फोटोसोबत वर्गाला ऐकवलं. तरी तिची बोच गेली नाही. दवाखान्यात भेटायला आलेल्या एका पालकाने 'तो हसणाऱ्या बायकांचा व्हिडिओ काय झकास होता' म्हटलं, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं...

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं, तेव्हा व्हिडिओ काढला गेला.

तिचे तास सध्या माझ्याकडे आहेत. मागच्या आठवड्यात गावच्या जुन्या बाजाराचा एक फोटो मिळाला, तो मी हौसेने फळ्यावर लावला. तराजू धरून बसलेला एक तरुण, बाजूला दोन बायका. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात पूजा उभी राहिली.

"बाई, ह्यांना विचारलंय का?"

"कुणाला?"

"फोटोतल्या मान्सांना. न्हाईतर त्यांच्या घरी. शैलाबाई विचारून आल्याशिवाय कायच दाखवायच्या न्हाईत."

मी नाही म्हणाले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी अगदी सहज सांगितलं, "मग बंद करा, बाई. तो तराजूवाला माझा आजा हाय. सांजच्याला घरीच असतो."

मी फळा बंद केला.