भरड्याची चिमूट

जनावरांच्या दवाखान्यातून निघालेल्या दोघी जावा निम्म्या वाटेवर आल्या आणि वासरू पुन्हा खाली बसलं. धाकटीने दावं सैल सोडलं. थोरली उकिडवी बसून त्याची पाठ चोळू लागली, तसं धाकटीला नेहमीसारखं खुपलं. माझ्या वासरालाही हिचाच हात लागावा का?

"वासरं वाढवावीत ती थोरलीनं," हे सासूबाईंचं वाक्य ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. थोरलीची रीत साधी. पहिल्या आठवड्यापासूनच, दूध संपलं तरी वासराची जीभ चोखतच असते, तेवढ्यात ती भरडलेल्या धान्याची चिमूट तोंडात सरकवायची. तिची वासरं सुरुवातीला दिसायला यथातथाच. धाकटीने मग हट्टाने उलटं केलं. दाणा नाहीच, नुसतं दूध, तेही पोटभर. वासरू लोण्यासारखं तुकतुकीत झालं. "हे देखणं आहे हो," सासूबाई म्हणाल्या, आणि धाकटीचे पाय जमिनीला लागेनात.

पुढे दूध तोडलं आणि वासरू खंगत गेलं.

"दूध रवंथाच्या पोटात जातच नाही," आज डॉक्टर म्हणाले होते. "ते पोट दाण्यानं तयार होतं. याचं अजून कच्चं आहे. दूध पुन्हा सुरू करा, हळूहळू दाणा चाटवा. वाचेल बहुतेक."

त्या 'बहुतेक'पासून धाकटी मनात देवाचा धावा करत होती. थोरली मात्र वासराची पाठच चोळत होती.

"बोला की जाऊबाई. सांगितलं होतं, म्हणा एकदाचं."

"कशाला? मलाही हेवा वाटायचाच."

"ह्या हाडांच्या सापळ्याचा?"

"तुझ्या हाताचा. देवाचं नाव पुटपुटत धारेला बसतेस नि बादली भरते. माझी काळी गाय मला बघून पान्हा चोरते. वर लाथ मारते ती वेगळीच."

धाकटीला आतून फार बरं वाटलं. तिने देवाची मनोमन माफी मागितली, पण बरं वाटायचं काही थांबेना.

थोरलीने पिशवीतला भरडा ओल्या बोटावर घेऊन वासराच्या जिभेला लावला. त्याने तोंड फिरवलं. तिने पुन्हा लावला. या खेपेला ते बोट चोखू लागलं.

"याला चाटवायचं माझ्याकडे लागलं," थोरली मान वर न करता म्हणाली. "तू उद्या काळीची धार काढशील? सासूबाई उठायच्या आत?"