शाळूच्या रानात शिरलेली लॉरी

काटेवाडीच्या धोंडाबाईला चाळिशीपर्यंत दोनच गावं ठाऊक होती. एक माहेर बावडा, दुसरं सासर काटेवाडी. मधला रस्ता तिनं बैलगाडीतून पाहिलेला, तोही पदराआडून. पुढं तिच्या नवऱ्याला, म्हणजे अप्पाला, दम्यानं धरलं. कालव्याच्या पाण्यावर त्यांचं वांग्याचं आणि कोथिंबिरीचं रान चांगलं पिकायचं, पण माल पुण्याच्या मंडईत पोचवायचा तर बरोबर घरचं माणूस हवं. बरोबर कुणी नसलं की पाट्या कोपऱ्यात पडून राहायच्या आणि उन्हं वर आल्यावर सुकलेला माल कुणी हातात धरायचं नाही.

"मी जाते," एके दिवशी धोंडाबाई म्हणाली.

"बाईमाणूस? पुण्याला?" अप्पा खाटेवर उठून बसला.

"वांगी मी लावली, मी खुरपली, मी तोडली. तवा न्हाय कुणी म्हनलं बाईमाणूस."

अप्पाला खोकला आला आणि बोलणं तिथंच राहिलं. पुढच्या खेपेला धोंडाबाई लॉरीत बसली. ते बावन्न साल होतं.

लॉरी जयवंताची. जयवंता भावकीतला, नात्यानं तिचा धाकटा दीर. लढाईत त्यानं ब्रह्मदेशात फौजेच्या गाड्या हाकल्या होत्या आणि परत आल्यावर फौजेच्याच लिलावातली एक जुनी लॉरी उचलली होती. वरून हिरवा रंग दिलेला, पण खरचटलं की खालून खाकी दिसायचा. जयवंता फार बोलायचा नाही. गाडी सुरू करण्याआधी चाकांना एकेक लाथ मारायचा, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "बसा वैनी."

दुपार कलली की माल भरून निघायचं, दिवेलागणीला पुण्यात पोचायचं, मंडईत पाट्यांना टेकून डोळा लावायचा आणि पहाटे माल उठला की एस्टीनं परत, कारण जयवंता परतीच्या भाड्यासाठी मागं थांबायचा. आठवड्यातून दोन खेपा. धोंडाबाईला या प्रवासाची एक वेगळीच चटक लागली. गाडीत बसलं की तिला तंद्री लागायची. झोप नव्हे. डोळे उघडे असायचे, हात मांडीवर, आणि बाहेर बाभळी, मेंढरं, खळी, लांबच्या टेकड्या सगळं हळूहळू मागं वाहत जायचं. घरी तिला कुणी ना कुणी हाक मारतच असायचं. इथं इंजिनाच्या घरघरीत कुणाची हाक पोचत नव्हती. आपण हलत नाही, मुलूखच आपल्या शेजारून चाललाय, असं तिला वाटायचं.

त्या तंद्रीतच तिनं पहिलं संकट पाहिलं. बारामती सोडून थोडंच पुढं गेले होते. तिच्या खिडकीजवळून एक चाक एकटंच पळत आलं, लॉरीच्या पुढं गेलं, सरळ रस्त्यानं बरंच धावलं आणि एका बाभळीपाशी निवांत आडवं झालं.

"भावजी, कुणाचं तरी चाक चाललंय बगा," ती म्हणाली.

जयवंतानं पाहिलं. "वैनी, आपलंच हाय. घट्ट धरा." तेवढ्यात लॉरीचा मागचा कोपरा रस्त्यावर टेकला आणि खालून ठिणग्यांची फुलं उडाली. उलटली नाही एवढंच.

दुसरं संकट धुक्याचं. एकदा मंडईतून परतताना एस्टी चुकली म्हणून ती जयवंताबरोबरच आली. सकाळी कालव्याच्या कडेला एवढं धुकं, की गाडीच्या नाकापुढचं दिसेना. जयवंतानं गाडी थांबवली आणि खाली उतरून पाहिलं. पुढचं डावं चाक कालव्याच्या भरावावरून निम्मं बाहेर गेलेलं आणि खाली पाणी गुपचूप वाहत होतं. धोंडाबाईच्या खिडकीखाली जमीनच नव्हती. तो हलक्या आवाजात म्हणाला, "वैनी, घाई न करता माझ्या बाजूनं सरकत या. खाली बगू नका." ती सरकली. उतरल्यावर मात्र तिनं पाहिलं. पाण्यावरून वाफ उठत होती आणि एक खंड्या तारेवर बसला होता. घरी येऊन तिनं अप्पाला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला बंदी झाली असती.

चोपन्न सालची भोगी दोन दिवसांवर आली होती. भोगीच्या भाजीला वांगी हवीतच, त्यामुळं त्या दिवशी लॉरी नाकापर्यंत भरलेली. वांग्याच्या पाट्या, त्यांवर घेवडा, गाजरं, आणि सगळ्यांत वर कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या. बारामतीत पाणी घालून निघाले तेव्हा ऊन उतरतीला लागलं होतं. मोरगावच्या बाजूला मुलूख कोरडा. कालवा मागं राहतो, ऊस संपतो आणि दोन्ही बाजूंना नुसता शाळू, माणसापेक्षा उंच, कणसं भरत आलेली. समोर मावळतीचं ऊन, काचेवर धूळ. सगळं मधात बुडवल्यासारखं दिसत होतं. धोंडाबाईला नेहमीची तंद्री लागली.

मोरगावच्या अलीकडं एक लांब उतार होता. उताराला लागताच जयवंतानं ब्रेकवर पाय दिला. पाय थेट तळाला गेला. त्यानं पुन्हा दाबला, पुन्हा. मागच्या खेपेला ब्रेकच्या तेलाची नळी पाझरत होती, ती त्यानं बांधून घेतली होती. ती आता फुटली होती.

"वैनी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजानं तंद्री फाटली. "ब्रेक गेला."

उताराच्या तळाशी रस्ता आडवा भरून शेरडं चालली होती. ऐंशी-शंभर तरी असतील. त्यांच्या मधोमध खांद्यावर घोंगडी टाकलेला म्हातारा, पाठ इकडं करून, सावकाश. मोरगावचा बिरू धनगर. त्याला ऐकू कमी यायचं, हे त्यांना मागून कळलं. जयवंतानं भोंगा वाजवला. शेरडांनी माना वर केल्या, म्हाताऱ्यानं नाही.

जयवंतानं गियर खाली ओढायला बघितलं, आतून दात घासल्याचा आवाज आला आणि दांडा उडून मोकळा झाला. लॉरी आता स्वतःच्याच वजनानं धावत होती. जयवंतानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं, ते सोडता येईना.

"ती दांडी वडा! हातब्रेकची! तुमच्या गुडघ्याजवळची! वडा वैनी, सोडू नका!"

धोंडाबाईनं त्या दांडीला आजवर पदराचाही स्पर्श होऊ दिला नव्हता. तिनं दोन्ही हातांनी ती धरली, पाय पुढच्या पत्र्याला रोवले आणि ओढली. पोरवयात बावड्याला विहिरीचा पोहरा ओढायची, तसं सगळं अंग मागं टाकून. दांडीचे दात झिजलेले, ती अडकत नव्हती. हात सैल पडला की पुढं जायची. म्हणून ती लोंबकळूनच राहिली. जळक्या वासाचा धूर पायांखालून वर आला. वेग थोडा तुटला, पण शेरडं जवळजवळ येत होती.

पुढं आयुष्यभर ती सांगायची, की त्या वेळी भीती वाटलीच नाही. सगळं संथ झालं. एका पांढऱ्या शेळीचे कान उन्हात गुलाबी दिसत होते, ते तिला दिसले. म्हाताऱ्याच्या घोंगडीला लाल दोऱ्याचं ठिगळ होतं, तेही दिसलं. मग जयवंता म्हणाला, "रानात घालतो," आणि सगळं जग डावीकडं वळलं.

लॉरी चरावरून उडाली, बांध फोडून शाळूत शिरली. एकदम सळसळ झाली, पावसासारखी. ताटं काचेवर आपटत होती, वाकत होती, चाकांखाली जात होती. आत हिरवा अंधार झाला. खिडकीतून कणसं आली, पानं आली, चिमण्यांचा एक थवा भर्रकन उठून गेला. काळ्या भुसभुशीत रानात चाकं रुतत गेली, रुतत गेली, आणि गाडी एखाद्या म्हशीनं बसावं तशी दमानं थांबली.

कुठं काही आवाज नाही. वरून कोथिंबिरीच्या दोन जुड्या घसरून बॉनेटवर पडल्या. इंजिनाच्या उष्णतेनं त्यांचा वास सुटला.

"वैनी, सोडा आता," जयवंता म्हणाला.

तिला दांडी सोडता येईना. बोटं तिथंच आवळून बसली होती. त्यानं एकेक बोट उलगडून काढलं आणि मग तोच स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. ब्रह्मदेशात बाँब पडताना मी रडलो नव्हतो, असं तो मागून म्हणायचा.

रानाची मालकीण राखणीच्या माळ्यावरून धावत आली. सिंधुबाई तिचं नाव. हातात पाखरं हाकायची गोफण तशीच. उंचावरून तिनं सगळं पाहिलं होतं. मोडलेल्या शाळूबद्दल ती आता तोंड सोडणार, असं धोंडाबाईला वाटलं. पण सिंधुबाईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "हिकडनं, मागच्या अंगानं उतरा. फुडं जाऊ नका." बांधापर्यंत तिनं तो हात सोडला नाही.

बिरू म्हातारा शेरडं हाकत रस्त्यावरून निघून गेला. एकदाच मागं वळून त्यानं रानातल्या लॉरीकडं बघितलं, जणू ती रोजच तिथं उभी असते.

जयवंता मोरगावहून एस्टीनं बारामतीला मेकॅनिक आणायला गेला. सिंधुबाईनं मोडलेल्या ताटांची कणसं खुडली, बांधाकडेला आगटी पेटवली आणि गरम हुरडा हातावर चोळून दिला. दोघी आगटीपाशी बसल्या. सूर्य बुडाला, शाळूवर निळसर धूर पसरला.

"तुमचं लई नुकसान झालं वो," धोंडाबाई म्हणाली.

"शाळू परत येतो," सिंधुबाई म्हणाली. "खावा. गरम हाय तवर खावा."

या वेळी गोष्ट लपली नाही. जयवंता बारामतीत बोलला आणि धोंडाबाई घरी पोचायच्या आत गावभर झाली. अप्पा दारात उभा होता. तिच्या तळहातांवरचे फोड त्यानं पाहिले, नखांनी पडलेल्या खुणा पाहिल्या आणि एवढंच म्हणाला, "बास आता."

ती बसली घरी. दीड महिना माल जयवंताबरोबर एकटाच गेला. लॉरी दुरुस्त होऊन आली होती. दुपारी रस्त्यावर भोंगा वाजला की धोंडाबाई वांग्याच्या सरीत उभी राहायची, खुरपं हातात, धूळ खाली बसेपर्यंत. अप्पा खाटेवरून ते बघायचा. शेवटी फाल्गुनात एका दुपारी त्यानंच पायात वहाणा घातल्या. "मला दाव ते रान," तो म्हणाला. "त्या बाईला भेटायला पायजे. तिच्या नुकसानीचं आपण काय केलं, नुसता हुरडा खाऊन आलीस."

वांग्याची एक पाटी आणि उसाची मोळी घेऊन दोघं जयवंताच्या माल भरलेल्या लॉरीत बसले. मोरगावच्या उतारावर जयवंतानं गाडी इतकी सावकाश घेतली, की शेजारून पायी जाता आलं असतं.

शाळूची काढणी झाली होती. रान उघडं पडलेलं, नुसते कापलेल्या ताटांचे सड. सिंधुबाई कडब्याची गंज रचत होती. लॉरीच्या चाकोऱ्या अजून स्पष्ट होत्या, काळ्या मातीत खोल. अप्पा काठी टेकत चाकोरीवरून चालू लागला आणि मागून धोंडाबाई. चाकोरी जिथं संपली, तिथं दोघं थांबले.

पुढं बारा-तेरा पावलांवर विहीर होती. काठ नाही, कठडा नाही. पाण्यासाठी खोदलेली आणि खडक लागल्यावर सोडून दिलेली, कोरडी. धोंडाबाई कडेशी गेली. खाली, फार खाली, दगडांवर उन्हाचा एक तुकडा पडला होता. त्या दिवशी या जागी सगळा शाळू उभा होता, म्हणून काहीच दिसलं नव्हतं.

सिंधुबाई शेजारी येऊन उभी राहिली. "माळ्यावरनं मला दिसत होतं, गाडी कुनीकडं चाललीय ते," ती म्हणाली. "मी डोळं झाकलं. उघडलं तर गाडी थांबलेली."

"मग सांगितलं का न्हाय?"

"आगटीपाशी तुमी हुरडा खात व्हता. तोंडावर रंग परत येत व्हता. कसं सांगू?"

अप्पाही कडेशी आला आणि खाली डोकावला. मग तो सडांमध्येच खाली बसला आणि त्यानं बायकोचा हात धरला. सिंधुबाईसमोर, उघड्या रानात. लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यानं असं कधी केलं नव्हतं. धोंडाबाईला आत्ता भीती वाटली, दीड महिन्यानं. ती त्याच्याजवळ बसली आणि पोटभर रडली. सिंधुबाई पाणी आणायला गेली आणि मुद्दामच उशिरा आली.

रस्त्यावरून जयवंतानं भोंगा वाजवला. माल ताटकळला होता.

"एस्टी कवा हाय काटेवाडीकडची?" अप्पानं विचारलं.

धोंडाबाईनं डोळे पुसले, पदर खोचला. "तुमी जावा एस्टीनं. मी मालासंगं जाते."

अप्पा हसला की खोकला, ते कळलं नाही. "मग मीबी येतो," तो म्हणाला. "ह्या वयात एकदा पुणं तरी बगू."

जेजुरी, सासवड मागं पडलं. दिवे घाट उतरताना खाली संध्याकाळ साचली होती आणि तिच्यात एकेक दिवा लागत होता. अप्पा खिडकीला नाक लावून बघत होता. धाप त्याला होतीच, पण तो ती विसरला होता.

"ते एवढं दिवं कशाचं गं?"

"हडपसर," धोंडाबाई म्हणाली. "पुणं त्याच्या फुडं. लई मोठं हाय."