नाना, सळई आणि मागच्या खोलीतलं इंटरनेट

आमच्या घरमालक नानांनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला तो एका लोखंडी सळईवर. नोकरीभर ते जकात नाक्यावर होते. ट्रक थांबला की पोत्यावर काय लिहिलंय ते न वाचता नाना सळई खुपसायचे आणि आत काय आहे ते तिलाच विचारायचे. नाका बंद पडला, नाना जळगावजवळ नशिराबादला घरी बसले, पण सळईला काही निवृत्ती मिळाली नाही. कांद्याच्या गोणीत ती जाते, तांदळाच्या कट्ट्यात जाते, आणि एकदा तर अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, माहेरून आलेल्या लाडवांच्या डब्यातही गेली होती. त्यावर अक्का चार दिवस बोलल्या नाहीत, तर नानांना त्याचाही संशय आला. मोबाइलने पाऊस सांगितला तर "त्याचं काय जातं सांगायले?" म्हणून ते वाळवण उचलू देत नाहीत, आणि पापड भिजले की आभाळाकडे बघून म्हणतात, "मुद्दाम पाडला."

मी आठवीतून शाळा सोडलेला, कोकणातल्या खाडीकाठच्या गावातून इथल्या पाइपच्या कारखान्यात आलेला. ओळख ना पाळख, तरी नानांनी मला खोली दिली, हे उपकार मी विसरणार नाही. अर्थात आधी माझ्या पिशवीत सळई घातली. आत आईने दिलेली आमसुलं निघाली. एक चाखून नानांनी डोळे मिटले. "इतकं आंबट कोणी चोरून आणणार नाही," ते म्हणाले आणि किल्ली हातात दिली.

खोली अंगणाच्या पार टोकाला, पत्र्याची, पूर्वी कापूस भरायची. आत मोबाइलला रेंज नाही. आणि माझ्या आईला ऐकू येत नाही. ती माझे ओठ वाचते आणि हातांनी बोलते, त्यामुळे आम्हाला चेहरा दिसणाराच फोन लागतो. दर रविवारी शेजारच्या वहिनी तिच्यासमोर मोबाइल धरायच्या आणि मी इकडे पाण्याच्या टाकीवर चढायचो. एका रविवारी खालून आवाज आला, "काऊन रे भो, वरून कोणाच्या घरात पाहू राह्यला?" मी घाबरून सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी नाना जळगावला जाऊन, घरातलं इंटरनेट माझ्या खोलीपर्यंत आणायला, वायरचं भेंडोळं आणि एक छोटा राउटर घेऊन आले. दुकानदाराने वायर मोजून दिली होती, ती त्यांनी दुकानाबाहेरच्या फुटपाथवर हाताने पुन्हा मोजली होती.

जोडायला माणूस बोलवायचा नाही, हे ठरलेलंच होतं. "तो जोडून जाईन आन् घरी बसून आपल्यालेच पाहीन." वायर सोलली तर आत आठ रंगीत तारा. नाना थबकले. "इंटरनेट एक, तारा आठ? बाकीच्या सात कोणासाठी?" शेवटी कारखान्यातल्या एका सोबत्याला फोनवर विचारून विचारून मी टोकं बसवली. उंदीर, ऊन आणि शेजारी या तिघांपासून वायर लपवायची म्हणून नानांनी ती शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळीत ओवली आणि नळी लिंबाच्या नि कढीपत्त्याच्या बुंध्याजवळून माझ्या खोलीत आणली. पासवर्ड मला सांगितला नाही. माझ्या मोबाइलमध्ये स्वतः, पाठ फिरवून टाकला.

दोन रविवार स्वर्गात गेले. मग एका गुरुवारी सगळं ठप्प. नानांचा पहिला संशय माझ्यावर. "तूच लय ओढत असशीन." मी शपथा घेतल्या. मग संशय शेजाऱ्यावर, मग तारेवर बसणाऱ्या कबुतरांवर, आणि शनिवारी परत माझ्यावर. खोली जाते की काय, आणि उद्या आई मोबाइलसमोर बसून राहते की काय. तेवढ्यात नळीच्या कडेने सळई खुपसत चाललेले नाना लिंबाशी थांबले. सळईला चिखल.

"इथे ओल काऊन?"

"मीच पाणी सोडलं," अक्का कौतुकाने म्हणाल्या. त्यांनी टाकीच्या तोटीची बारीक नळी ठिबकच्या पहिल्या भोकात खोचून दिली होती. "तुम्ही ठिबक टाकलं ना माझ्या लिंबाले? म्हटलं, एवढ्या वर्षांत बिचाऱ्याले काहीतरी सुचलं."

लिंबाला पालवी फुटली होती आणि माझ्या राउटरला पाणी. नानांनी पहिल्यांदाच कोणावर संशय घेतला नाही. त्या दिवशी दोन कामं झाली: वायरला धड पाइप आणि अक्कांच्या लिंबाला खरं ठिबक. नवा राउटर घेऊन संध्याकाळी नाना जळगावहून बसने परत आले.

रविवारी वायर तपासायच्या निमित्ताने ते माझ्या मागे उभे राहिले. आईने त्यांना पाहून मान लववली, मग माझ्याशी बोलू लागली: जेवलास का, पाऊस आहे का. मी हसत होतो. नाना हळूच म्हणाले, "तुही माय डावा हात पदराखालून काढत नाही. आत माल लपवला हाये."

मी हात दाखव म्हटलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. पुन्हा म्हटलं. वहिनींनी नजर चुकवली. मग पदर सरला आणि मनगटापासून कोपरापर्यंतचं प्लास्टर दिसलं. हात मोडल्याला तीन आठवडे झाले होते. म्हणजे मी स्वर्गात होतो ते दोन्ही रविवार ती एका हाताने बोलत होती आणि मला कळलं नव्हतं.

हे मी गावी तिच्याजवळ बसून लिहितोय. प्लास्टर निघालंय, अजून मूठ वळत नाही. निघताना नाना स्टँडवर आले होते. सवयीने त्यांनी सळई माझ्या पिशवीपर्यंत नेली आणि तशीच मागे घेतली. मी म्हटलं, "नाना, किती दिवस लागतील सांगता येत नाही. खोली दुसऱ्या कोणाला द्या."

"कोणाले देऊ?" ते चिडून म्हणाले. "मी कोणावर विश्वास ठेवतो काय?"

परवा माझा मोबाइल वाजला. पडद्यावर माझी पत्र्याची खोली, तशीच रिकामी, आणि मधोमध, फार जवळून, नानांचं कपाळ. आईने दोन्ही हात जोडले. कपाळ आणखी जवळ आलं; नाना तिचा डावा हात तपासत होते.