प्रज्ञाच्या डिस्कची वाटणी

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी माझी भाची प्रज्ञा वारली. वय बत्तीस. तेलंगणात, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या बेल्यात राहत्या घरी ती टेबलाशी काम करत बसली होती. तिनं आईकडे पाणी मागितलं, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि पाणी येण्याआधी टेबलावर वाकली. शेजाऱ्यांच्या गाडीतून आदिलाबादला नेताना जैनथच्या पुढे श्वास थांबला. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. त्याआधी तिला कसलाही आजार नव्हता. मी आदिलाबादला वर्तमानपत्राच्या कार्यालयात सकाळची पानं चाळत असताना तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या भाऊजींचा फोन आला. "प्रज्ञा गेली," ते म्हणाले. बातमी हातात आली की पहिला प्रश्न जो तोंडात येतो तोच आला. "कोणी सांगितलं?" पलीकडे गाडीचा आवाज येत होता. "मीच सांगून राह्यलो न... माह्या मांडीवर हाये."

त्या सकाळी साडेआठला तिनं मला एक निरोप पाठवला होता. 'मामा, रविवारी येतानी नवीन हार्ड डिस्क आणजा. कोणती ते सांगतो नंतर.' ती घरात कायम 'सांगतो, करतो' असंच बोलायची, तसंच लिहायची. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून मी तो निरोप पुन्हा उघडला, आणि कोणती डिस्क ते तिला विचारून घ्यायला हवं, असं माझ्या मनात येऊन गेलं. तोपर्यंत मी तिला आत पाहून आलो होतो.

प्रज्ञा बेल्याच्या मराठी शाळेत शिकली. तिचे वडील त्याच शाळेत शिक्षक होते. पुढे हैदराबादेत इंजिनिअरिंग झालं आणि तिथल्याच एका कंपनीत नोकरी लागली. घरून काम करायची सोय झाली तेव्हा ती बेल्याला आली, ती परत गेलीच नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. खिडकीबाहेरून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जायच्या. एकदा मीटिंग चालू असताना बैलांच्या घुंगरांचा आवाज थेट हैदराबादपर्यंत पोहोचला. तिकडून कुणीतरी विचारलं, हे काय आहे? "ट्रॅफिक," असं सांगून तिनं माइक बंद केला होता.

तिचं काम इतरांचे सर्व्हर सांभाळण्याचं. डिस्क भरली की यंत्रणा अडते, आणि जागा कुणी खाल्ली हे शोधावं लागतं. संगणक त्याची यादी देतो, पण हजारो ओळींच्या यादीतून काही उमगत नाही, अशी तिची तक्रार असे. म्हणून तिनं संध्याकाळच्या वेळात स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याला बटणं नव्हती, चित्रं नव्हती. काळ्या खिडकीत एक शब्द टाइप करायचा, की पडदा रंगीत चौकटींनी भरून जायचा. अख्खा पडदा म्हणजे डिस्क, प्रत्येक फोल्डरची एक चौकट, जेवढा त्याचा आकार तेवढं चौकटीचं क्षेत्रफळ, आणि तिच्या पोटात आणखी लहान चौकटी. अगदीच बारीक असेल ते सगळं कोपऱ्यात 'इतर' म्हणून एकत्र.

हा प्रकार ती माझ्या ताईला, म्हणजे तिच्या आईला समजावून सांगत होती, तेव्हा मी तिथं होतो. ताई भाजी निवडत होती.

"माय, वावराची वाटणी करतेत ना, तसंच. ज्याचा बोजा जेवढा, त्याले तेवढा तुकडा."

"अन् पोरीले काय भेटते?" ताईनं मान वर न करता विचारलं.

"पोरीले 'इतर'."

"मंग काय नवीन केलं तुनं? हे तं आमच्या बाबानं बिना कम्प्युटरचं केलतं."

भाऊजी हसता हसता खोकू लागले. प्रज्ञानं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "मामा, हे छापू नका."

त्या प्रोग्रॅममध्ये एक खोट होती. चौकटींच्या भिंती अक्षरांसारख्याच चिन्हांनी काढलेल्या असत. फोल्डरचं नाव इंग्रजीत असलं की भिंत सरळ. मराठीत असलं की काने, मात्रा, वेलांट्या किती जागा घेतील याचा त्या काळ्या खिडकीचा हिशेब चुकायचा, आणि त्या ओळीतली भिंत एक-दोन घरं सरकायची. कंपनीत तिनं प्रोग्रॅम दाखवला तेव्हा सगळे त्यावर हसले. नावं इंग्रजीत ठेव, असा सल्ला मिळाला. मीही तेच सुचवलं. "काऊन?" ती म्हणाली. "घर माह्यं, अन् पाटी दुसऱ्याच्या भाषेत काऊन लावू?" खोट काढायचा तिचा प्रयत्न चालू होता. ती निघाली नाही.

या वर्षी भाऊजींच्या जुन्या संगणकाची डिस्क टकटक वाजू लागली. घरातले सगळे फोटो तिच्यावर होते. ताईचं लग्न, प्रज्ञाचं बालपण, शाळेतल्या वर्गांचे गट. मूळ अल्बम उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ले होते. त्याआधी प्रज्ञानंच एकेक फोटो स्कॅन करून ठेवला होता म्हणून ते उरले. डिस्क पूर्ण बंद पडायच्या आत तिनं सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर घेतलं. नवीन डिस्क येईपर्यंत, एवढ्यापुरतंच. लॅपटॉप कंपनीचा होता. कंपनीच्या लॅपटॉपला कंपनीचं कुलूप असतं, आणि त्याचा पासवर्ड फक्त तिला माहीत होता.

तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यानंतरच्या आठवड्यात कंपनीतून फोन आला. बोलणारा माणूस सभ्यपणे बोलला. दुःख व्यक्त केलं, मग लॅपटॉपचं विचारलं. त्यावर ग्राहकांची माहिती असल्यामुळे तो परत घेऊन पूर्ण पुसावा लागतो, असा नियम सांगितला. भाऊजींनी फोटोंचं सांगितलं. पुसण्याआधी खासगी तेवढं घरच्यांना उतरवून देऊ, कंपनीचं काहीही नाही, असं ठरलं.

ताई मात्र लॅपटॉप द्यायला तयार नव्हती. मिटलेला लॅपटॉप टेबलावर होता तसाच होता आणि ती रोज पदरानं त्याचं झाकण पुसत होती.

"त्यायची वस्तू हाये," भाऊजी म्हणाले. "द्या लागते."

"वस्तू त्यायची हाये. हात कोणाचे लागेल हायेत?"

"मंग फोटो नाई पायजे तुले?"

"फोटोबी पायजे अन् हेबी पायजे."

भाऊजी उठून अंगणात गेले. ताईचं बोलणं चूक आहे, असं म्हणायला मी धजलो नाही...

शुक्रवारी लॅपटॉप न्यायला हैदराबादहून प्रवल्लिका आली. ती प्रज्ञाच्या बरोबर काम करणारी, साधारण तिच्याच वयाची. दोघींची रोजची बोलणी फोनवर. घर तिनं पहिल्यांदाच पाहिलं. दारातून आत आली, खिडकी पाहिली, आणि नेमकी त्या वेळी बाहेरून बंडी गेली. ती तिथंच खाली बसली आणि रडली. ताईनं तिला उठवून चहा दिला. मराठी तिला येत नव्हती, ताईला तेलुगू कामापुरती येत होती, म्हणून दोघी हिंदीत बोलल्या. "आंटी, आप बोले बगैर मैं नै लेके जाती," प्रवल्लिका आधीच म्हणाली. "खाली हाथ जाऊंगी, ऑफिस में जो बोलना सो बोल दूंगी." ताईनं स्वतः लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

कंपनीच्या किल्लीनं कुलूप उघडलं. प्रवल्लिकानं प्रज्ञाचाच प्रोग्रॅम चालवला. पडदा चौकटींनी भरला. निळ्या, हिरव्या, जवळजवळ सगळ्या कंपनीच्या.

"यातलं माह्या पोरीचं कोणतं?" ताईनं मला विचारलं. मी ते हिंदीत सांगितलं.

प्रवल्लिकानं पडद्याच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. "जिधर दीवार टेढ़ी, वो सब उसका. हम लोग बहुत हंसते थे इस पे." तिथं तीन भिंती सरकलेल्या होत्या. हिंदी तिला बोलण्यापुरतीच येत होती, पाट्या वाचता येत नव्हत्या, त्या मी वाचल्या. 'आई-बाबा'. 'शाळा'. 'गाणी'.

मी आदिलाबादहून नेलेल्या डिस्कवर ते तिन्ही फोल्डर उतरवले. प्रवल्लिकानं दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहिली. जुळली. भाऊजींनी एक फोटो उघडायला सांगितला, कोणताही. शाळेच्या गणवेशातली प्रज्ञा निघाली, समोरचा दात पडलेली. "बंद करा," भाऊजी म्हणाले.

मग ताईनं विचारलं, यात तिनं शेवटचं काय लिहिलं? काळ्या खिडकीत टाइप केलेल्या आज्ञांची नोंद राहते. प्रवल्लिकानं ती उघडून तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या मंगळवारची सकाळ, मला निरोप आला त्याच्या थोडं आधीची वेळ. प्रज्ञानं आपला प्रोग्रॅम 'आई-बाबा' या फोल्डरवर चालवला होता. केवढी डिस्क लागेल हे पाहण्यासाठी चालवला असावा, पण तो माझा अंदाज आहे.

"म्हंजे आखरीले आमालेच पाहून राह्यलती?" ताई म्हणाली.

मी भाषांतर केलं. प्रवल्लिकानं त्या ओळीची वेळ पुन्हा पाहिली. होय म्हणणं सोपं होतं... "उसके बाद ऑफिस का काम ब्राउज़र में की होंगी, आंटी. इसमें आख़री लाइन यही है. इतना ही मालूम."

ताईनं मान हलवली. आत गेली, प्रज्ञाची धुतलेली ओढणी घेऊन आली, लॅपटॉप तीत गुंडाळला आणि प्रवल्लिकाच्या हातात दिला. "ओढनी मत भेजना वापस," ती म्हणाली. "तुमारेच पास रखो."

प्रवल्लिका संध्याकाळच्या बसनं निघाली. सोमवारी दुपारी ताईच्या फोनवर इंग्रजी अक्षरांत तिचा निरोप आला. 'हो गया आंटी. सब साफ.' निरोप वाचला गेल्याची खूण त्याच दिवशी उमटली आहे. हा मजकूर देईपर्यंत उत्तर गेलेलं नाही.